शिक्क्याचा खर्च कुणाच्या खिशातून?

जून महिना आला की तहसील कचेरीबाहेरचं दृश्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं असतं. झाडाखाली टाइपिंगवाल्याचं टेबल, शेजारी मुद्रांक विक्रेता, आणि मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आलेला, त्या दिवसाची मजुरी बुडवलेला बाप. आजचा आपला प्रश्न साधा आहे. कागद खरा ठरवायचा खर्च आजवर कुणी सोसला?

मराठेशाहीपासून सुरुवात करू. वतनाचा तंटा गोतसभेपुढे मिटला की महजर लिहिला जाई. खाली पाटील नांगराची निशाणी करी, बाकीचेही आपापल्या खुणा करीत. अक्षर येत नसलं तरी अडत नसे, कारण साक्ष गावाची होती. आता, हे सगळं फुकट होतं असं मात्र समजू नका. जिंकणाऱ्याला हरकी द्यावी लागे, हरणाऱ्याला गुन्हेगारी. पण साक्ष देणारी माणसं ओळखीची होती.

इंग्रजी अमलात ही साक्ष गावाबाहेर गेली. स्टॅम्प आला, दिवाणी कोर्ट आलं, वकील आला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, आणि दंगे आसपास पसरले. ठिकठिकाणी मागणी एकच होती: कर्जरोखे द्या. रोखे हाती आले की ते फाडले, जाळले. कागदावरच एवढा राग का? कारण कोर्टात तो कागद बोलत होता, आणि त्यात काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला अनेकदा ठाऊकच नसायचं.

सरकारनं यातून काही धडा घेतला. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानं ग्रामनिबंधक नेमायची सोय केली. शेतकऱ्याचा कर्जाचा दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहायचा, त्याच्यासमोर सही व्हायची. हा कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. यातली कल्पना लक्षात घ्या. शेतकऱ्यानं साक्षीसाठी वणवण करायची नाही, साक्षच त्याच्या जवळ आणायची.

स्वातंत्र्यानंतर 1952 साली नोटरी कायदा आला आणि 1956 साली त्याचे नियम. नोटरीनं आपल्या फीचे दर कार्यालयाच्या आत आणि बाहेर दिसतील असे लावायचे, घेतलेल्या पैशांची पावती द्यायची, हे त्या नियमांतच आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती पाटी वाचलीय? पावती किती जणांनी मागितलीय?

आता आपल्या जवळचा काळ. 1 जुलै 2004 रोजी महाराष्ट्र शासनानं अधिसूचना काढली. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ. म्हणजे जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यासाठी लागणारं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं. 2015 साली आणखी एक पाऊल पडलं: प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र, आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वतःच साक्षांकित केलेली प्रत. कायद्यानंच ज्यांना वगळलंय ती कामं सोडून बाकीच्यांसाठी.

आणि तरीही माणसं शंभराचा स्टॅम्प घेतच राहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये किमान शुल्क 100 वरून 500 रुपये झालं, तेव्हा या दाखल्यांसाठीसुद्धा पाचशे मोजायची वेळ आली. ओरड झाली. मग 2025 साली सरकारला पुन्हा सांगावं लागलं की विद्यार्थ्यांच्या या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक लागत नाही. वीस वर्षांपूर्वी दिलेली सूट पुन्हा जाहीर करावी लागली!

असं का झालं असेल? आपल्याला एक उत्तर दिसतं. माफीची अधिसूचना मुंबईहून निघते, पण ‘स्टॅम्प आणा’ हे वाक्य खिडकीवर ऐकू येतं. खिडकीपलीकडच्या माणसाला जास्तीचा कागद घेऊन ठेवणं सुरक्षित वाटतं, त्याच्या खिशातून काही जात नाही. अलीकडे उभा असलेला वाद घालत नाही, कारण प्रवेशाची मुदत उद्या संपणार असते. सुप्याचा शेतकरी आणि हा बाप यांच्यात दीडशे वर्षांचं अंतर आहे, पण कागदाचा नियम दोघांनाही कुणी वाचून दाखवलेला नाही.

म्हणून आपल्यापैकी कुणी पुढच्या जूनमध्ये त्या रांगेत उभं असेल, तर मुद्रांक घेण्याआधी एवढंच विचारा: हा कोणत्या नियमानं लागतो? आणि शेजारच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारा.