बलाच्या एककांचे परिवर्तन : एका गुणकाचा इतिहास

एक किलोग्रॅम-बल म्हणजे ९.८०६६५ न्यूटन, हे समीकरण पाठ्यपुस्तकांतून इतक्या सहजतेने येते की, त्यातील गुणक हा निसर्गाचा स्थिरांकच असावा असा समज होतो. वस्तुतः तो एका ठरावाने निश्चित झालेला अंक आहे; आणि वजन व वस्तुमान या दोन संकल्पना एकमेकींपासून कशा विलग झाल्या, याचा इतिहास त्यात साठविलेला आहे.

व्यवहारात बल वजनानेच मोजले जाई. परंतु वजन स्थलसापेक्ष असते. गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर सुमारे ९.८३ मीटर प्रति वर्ग सेकंद भरते. अर्ध्या टक्क्याचा हा भेद बाजारात नगण्य असला, तरी निरनिराळ्या ठिकाणच्या भूचुंबकीय मापनांची तुलना करू पाहणाऱ्या गाउसला तो उपेक्षणीय वाटला नाही. १८३२ मध्ये त्याने लांबी, वस्तुमान व काल यांवर आधारलेली निरपेक्ष मापनपद्धती मांडली. तिचाच धागा पुढे नेऊन ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने १८७३ मध्ये ‘डाइन’ हे एकक सुचविले. एक ग्रॅम वस्तुमानास एक सेंटिमीटर प्रति वर्ग सेकंद त्वरण देणारे बल ते डाइन.

अभियंत्यांनी मात्र किलोग्रॅम-बल व पौंड-बल सोडले नाही. १९०१ च्या तिसऱ्या सर्वसाधारण वजन-माप परिषदेने किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून वजन ही बलाच्या जातीची राशी आहे, असा निर्वाळा दिला आणि प्रमाण गुरुत्वत्वरण ९८०.६६५ सेंटिमीटर प्रति वर्ग सेकंद ठरविले. हा अंक ४५ अक्षांशावरील समुद्रसपाटीचा निदर्शक मानला होता; तेथील प्रत्यक्ष मूल्य किंचित कमी असल्याचे पुढे दिसून आले, तथापि अंक बदलला नाही. परिवर्तनास सत्यापेक्षा स्थैर्याची गरज अधिक होती. १९४८ मध्ये एक लक्ष डाइनांच्या बलास ‘न्यूटन’ हे नाव मिळाले. १९५९ मध्ये पौंड ०.४५३५९२३७ किलोग्रॅम ठरताच पौंड-बलही सुमारे ४.४४८ न्यूटनांवर स्थिर झाले.

या गुणकाचे विस्मरण किती महाग पडते, हे १९९९ च्या सप्टेंबरात दिसले. मंगळाकडे धाडलेल्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यानाच्या गणितात एका संगणकप्रणालीने आवेग पौंड-बल-सेकंदांत दिला. दुसरीने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. यान नियोजित उंचीपेक्षा फार खाली उतरले आणि नष्ट झाले. गणित अचूक होते. केवळ एककाचा निर्देश राहिला होता. राशीचा अर्थ अंकात नसून एककात असतो, हा धडा १९०१ च्या ठरावाइतकाच जुना आहे.