राख आणि कोळसा

आजच्या माझ्या विषयाचें नांव ऐकून घरांतील वडील मंडळींना कदाचित् हसूं येईल. राख आणि कोळसा! शेगडींतून ह्या दोन वस्तु काढून निरनिराळ्या ठेवण्याचें काम एके काळीं घरांतल्या लहान मुलाकडे असे. त्यांचा इतिहास तो काय सांगावयाचा? परंतु गेल्या हिवाळ्यांतील एका लहानशा प्रसंगानें मला या विषयाकडे वळविलें, आणि विचार करतां करतां ध्यानांत आलें कीं, आपल्या विदर्भाच्या अतिप्राचीन इतिहासाचा काळ आपणांस कळला तो ह्या निवडण्यामुळेंच.

माझी कन्या व जांवई मिहानमध्यें राहतात. नागपूरच्या दक्षिणेस, विमानतळालगत, हा नवा उद्योगपरिसर उभा राहिला आहे. त्यांच्या परसांत लोखंडाची एक धूरपेटी आहे. तिच्यांत लांकडी कोळसे पेटवून मंद धुरावर मक्याचीं कणसें, पनीर, मांस असे पदार्थ तासन्‌तास शिजवितात. एके रात्रीं अशी मेजवानी झाली. सकाळीं जांवईबापूंनीं पेटींतील सारें कचऱ्याच्या प्लास्टिकच्या पिंपांत ओतलें. वरून राख थंड लागत होती. पण थोड्याच वेळांत पिंपाच्या बुडास भोक पडलें आणि धूर निघूं लागला. पाणी ओतून आग विझविली. पाहतों तों त्या चिखलांत पुष्कळसे कोळसे धडधाकट होते.

"बाबा, ती तर नुसती राख होती हो!" जांवईबापू म्हणाले.

"बापू, राख कधीं पेटत नाहीं. पेटला तो कोळसा," मीं म्हटलें.

हा भेद नीट समजून घेतला पाहिजे. लांकूड कोंडून, बेताचाच वारा देऊन तापविलें कीं त्यांतील पाणी व धूर निघून जातो आणि कर्ब मागें राहतो, तो कोळसा. हाच कोळसा मोकळ्या वाऱ्यांत जळूं दिला कीं कर्ब वायुरूप होऊन उडून जातो, आणि झाडानें जमिनींतून घेतलेले चुना, पालाश इत्यादि क्षार तेवढे उरतात, ती राख. म्हणून राखेंत जाळण्यासारखें कांहीं नसतें. मात्र तिच्या पांघरुणाखालीं निखारा रात्रभर जिवंत राहूं शकतो. जुन्या काळीं लोक दुसऱ्या दिवसासाठीं विस्तव राखेखालींच जपून ठेवीत.

माझें बालपण नागपुरांतील महाल भागांत गेलें. त्या वेळीं घरोघर शेगड्या होत्या. वखारींतून कोळशाचें पोतें येई, आणि दुधाच्या रतिबाप्रमाणें त्याचाहि हिशेब राही. रात्रींचा स्वयंपाक उरकला कीं आई उरलेले निखारे चिमट्यानें उचलून मडक्यांत टाकी व तोंडावर झांकण घट्ट बसवी. वारा बंद झाला कीं निखारा विझे, आणि विझला कीं त्याचा पुन्हां कोळसा होई. कोणी घाईनें पाणी शिंपडलें तर तिला खपत नसे. ओला कोळसा दुसऱ्या दिवशीं नुसता धुमसतो, आणि तापलेल्या मातीच्या शेगडीस तडा जातो. सकाळीं राख चाळण्याचें काम माझ्याकडे असे. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून, त्यास खिळ्यानें भोकें पाडून वडिलांनीं चाळणी केली होती. वाऱ्याकडे पाठ करून ती हलवावयाची. सुपारीएवढे व त्याहून मोठे तुकडे वर राहत, ते शेगडीसाठीं. बारीक चुरा निराळ्या डब्यांत. त्यांत शेणमाती कालवून गोळे वळीत व उन्हांत वाळवीत. खालची राख भांडीं घांसण्यास. जुना कोळसा नव्यांत मिसळला कीं शेगडी लौकर पेटे आणि धूरहि कमी होई. आमच्या घरांत गॅस आला आणि एका पिढींत ही विद्या विस्मृतींत गेली.

ह्या विद्येचें वय मात्र फार मोठें आहे. नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यांत पेंच नदीकांठीं नायकुंड हें गांव आहे. तेथें १९७८ ते १९८० या काळांत डॉ. शां. भा. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनीं उत्खनन केलें. आपल्या मृतांभोंवतीं दगडांचीं मोठीं वर्तुळें रचणाऱ्या लोकांची ती वस्ती. तेथें लोखंड गाळण्याची विटांची गोल भट्टी सांपडली. भात्याचा वारा आंत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोहकीट, म्हणजे लोखंड गाळतांना निघालेला मळ, हींहि सांपडलीं. लोखंडाच्या दगडांत लोखंड प्राणवायूशीं जखडलेलें असतें. जळता कोळसा उष्णता देतो आणि तो प्राणवायूहि ओढून घेतो. तेव्हां कोठें लोखंड सुटें होतें. ह्या कामीं राखेचा उपयोग नाहीं. उलट राख व भुगा फार झाला कीं वाऱ्याची वाट बुजते. कोळसा निवडण्याचें महत्त्व भट्टीवाल्यास आमच्या आईइतकेंच ठाऊक असले पाहिजे.

पण हे लोक केव्हां होऊन गेले? त्यांनीं लेख लिहून ठेवलेले नाहींत. येथें कोळसाच साक्ष देतो. १९४९ सालीं शिकागोच्या विलर्ड लिबी यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कर्बावरून वय काढण्याची रीत जगापुढें ठेवली. तिजबद्दल लिबींना १९६० चें नोबेल पारितोषिक मिळालें. जिवंत झाड हवेंतून एक किरणोत्सारी कर्ब अत्यल्प प्रमाणांत घेत असतें. झाड मेलें कीं तें घेणें थांबतें, आणि सुमारें ५,७३० वर्षांत त्याचें प्रमाण निम्म्यावर येतें. उरलेलें प्रमाण मोजलें कीं काळ कळतो. कोळशांत तो कर्ब टिकून असतो. राखेंतून लांकडाचा कर्बच उडून गेलेला असल्यामुळें ती नोंदहि गेलेली असते.

मिहानहून वर्धा रस्त्यानें आणखी दक्षिणेस गेलें कीं बुटीबोरीजवळ टाकळघाट लागतें. तेथें व खापा येथें डॉ. देव यांनीं नागपूर विद्यापीठातर्फें १९६८–६९ मध्यें उत्खनन केलें. टाकळघाटच्या कोळशाची परीक्षा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत झाली, आणि तो सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचा ठरला. कोणा गृहिणीच्या चुलींत पुरता न जळलेला तुकडा, आणि त्यानें आपणांस बुद्धाच्या काळाच्या आसपास नेऊन सोडलें!

आपल्या भाषेंत शेतास काळी आणि गांवठाणास पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि कोसळलेल्या भिंतींची माती मिळून ही पांढरी होते. ती खतासाठीं गाड्या भरभरून शेतांत नेण्याची चाल फार जुनी. आतां खोदणारीं यंत्रें आलीं आहेत. २००२ सालीं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, आणि शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव इत्यादि गांवांच्या जमिनी मिहानसाठीं गेल्या. उद्योग यावेत, मुलांना कामें मिळावींत. माझे जांवईहि तेथेंच नोकरी करतात. पण जेथें शतकानुशतकें चुली पेटल्या तेथील थर एकदां कालविले गेले, म्हणजे मागाहून कितीहि चाळा. कोळसा हातीं लागेल, परंतु तो कोणत्या थरांतला हें सांगतां येणार नाहीं. म्हणून जुन्या गांवठाणास कुदळ लावण्यापूर्वीं जाणत्या माणसानें तें एकवार पाहावें, एवढी माझी विनंति आहे.

जांवईबापूंस मीं पत्र्याची नवी चाळणी करून दिली आहे. मेजवानी आटोपली कीं ते पेटीचें झांकण व वाऱ्याच्या खिडक्या बंद करतात, दुसऱ्या दिवशीं सारें थंड झाल्यावर चाळतात, आणि राख पत्र्याच्या डब्यांत ठेवतात. ती बागेंत घालावयाची तर बेतानेंच घालावी, कारण आपल्या काळ्या जमिनींत चुन्याचा अंश मुळांतच असतो. परवां माझी सात वर्षांची नात चाळणी हलवीत बसली होती. काळे तुकडे एकीकडे आणि पांढरी भुकटी दुसरीकडे, असें ती कोणी न सांगतां करीत होती.