चिनी नववर्ष व चिनी भाषाभ्यास : महाराष्ट्र

चिनी नववर्ष हा चांद्रसौर पंचांगाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सुरू होणारा सण. चीनमध्ये त्याला ‘छुन च्ये’ म्हणजे वसंतोत्सव म्हणतात. तो इंग्रजी तारखेप्रमाणे २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतो आणि पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला, कंदिलांच्या उत्सवाने संपतो. २०२४ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. महाराष्ट्रात हा सण मुंबईतील एका लहानशा चिनी समाजाने जपला. चिनी भाषेचा अभ्यास मात्र येथे बौद्ध ग्रंथ, वैद्यकीय सेवा, परराष्ट्र-व्यवहार आणि व्यापार अशा वेगळ्याच वाटांनी आला, आणि या दोन प्रवाहांची गाठ फार उशिरा पडली.

पंचांग पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला या सणाचे गणित परके वाटणार नाही. दोन्ही पद्धतींत महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याचे. दोहोंचा मेळ घालण्यासाठी अधिक महिना धरावा लागतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक, हा आपला नियम. चिनी नियमही तत्त्वतः तोच आहे. फरक इतकाच की चिनी संक्रांती सायन आहेत आणि आपल्या निरयन. दोहोंत सध्या सुमारे २४ अंशांचे अंतर असल्याने अधिक महिने दरवेळी जुळत नाहीत. चिनी पंचांगात २०२५ मध्ये सहावा महिना अधिक धरला गेला, मराठी पंचांगात त्यानंतर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला. दुसरा फरक महिन्याच्या आरंभाचा. ज्या दिवशी अमावास्येचा क्षण येतो तोच चिनी महिन्याचा पहिला दिवस. आपला महिना त्यानंतरच्या प्रतिपदेला लागतो. त्यामुळे चिनी नववर्ष बहुधा पौष अमावास्येच्या सुमारास येते. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या कुंभात मौनी अमावास्येचे स्नान चालू होते, त्याच दिवशी चिनी नववर्ष होते. २०२६ मध्ये मात्र ते १७ फेब्रुवारीला, म्हणजे माघ अमावास्येला आले आणि कंदिलांची पौर्णिमा फाल्गुनी पौर्णिमेशी, होळीच्या पौर्णिमेशी, जुळली.

वर्षांची नावे साठांच्या चक्रात फिरतात. आपल्या प्रभव, विभव आदी संवत्सरांची संख्याही साठच, पण चिनी चक्र दहा ‘खोड’ आणि बारा ‘फांद्या’ यांच्या जोड्यांतून बनते. बारा फांद्यांना उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर ही प्राण्यांची नावे आहेत. १७ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झालेले वर्ष घोड्याचे.

सणाआधी घर झाडून-पुसून घेतात, देणी फेडतात, दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर लिहिलेली शुभवचने लावतात. वर्षाच्या अखेरच्या रात्री सर्व कुटुंब एकत्र जेवते. दूरदेशी गेलेल्यांनी या जेवणाला घरी पोचावे, हा सणाचा खरा गाभा. पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, कारण आलेले भाग्य केराबरोबर बाहेर जाईल अशी समजूत आहे. लहानांना लाल पाकिटातून पैसे देतात. मुंबईच्या चिनी घरांत त्या पाकिटाचे कॅन्टनी नाव ‘लाय सी’.

महाराष्ट्रात चिनी माणसे प्रथम कोठे स्थिरावली याचे उत्तर मुंबईबाहेरही सापडते. महाबळेश्वर येथे १८३४ पासून १८६४ पर्यंत असलेल्या तुरुंगात चिनी व मलायी कैदी ठेवले जात. तेथील बागांत त्यांनी भाजीपाला व बटाटे पिकवले, वेताचे काम केले. तेथील एका धबधब्याला आजही ‘चायनामन’ हे नाव आहे. मुंबईत आलेले चिनी वेगळे होते: जहाजांवरचे खलाशी, सुतार आणि गोदीत काम करणारे. त्यांची वस्ती माझगाव व कामाठीपुऱ्यात वाढली. पुढे दंतवैद्य, पादत्राणांचे व्यावसायिक आणि उपाहारगृहवालेही आले.

माझगावात डॉकयार्ड रोड स्थानकाजवळील नवाब टँक मार्गावरचे ‘सी यप कून’ हे मंदिर १९१९ मध्ये बांधले गेले. ‘सी यप’ म्हणजे चार परगणे: क्वांगतुंग प्रांतातील थायशान, खायफिंग, शिनह्वेई आणि अन्फिंग. त्या चार परगण्यांतल्या लोकांचे हे एकत्र येण्याचे ठिकाण. मुख्य देवता क्वान कुंग, म्हणजे तिसऱ्या शतकातला सेनानी क्वान यू. निष्ठा आणि न्याय यांची देवता म्हणून तो पूजला जातो. करुणेची देवता क्वान यिन हिचेही स्थान येथे आहे. ती मुळात बौद्धांचा अवलोकितेश्वर. चीनमध्ये तिला स्त्रीरूप मिळाले. वर्षभर शांत असणारी ही वास्तू नववर्षाच्या रात्री गजबजते: मध्यरात्री उदबत्त्या व मेणबत्त्या लावतात, फटाके वाजतात, एकमेकांना शुभेच्छा देतात. शरद ऋतूतील चंद्रोत्सवालाही समाज येथे जमतो. अंटॉप हिल येथे या समाजाची दफनभूमी आहे.

२० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२ च्या युद्धाने हा समाज विस्कटला. देशभरातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. (नाशिकजवळचे देवळाली किंवा वर्ध्याचे देवळी ते हे नव्हे; नावांच्या साम्यामुळे घोटाळा होतो.) यात बहुतेक आसाम व बंगालमधले होते. मुंबईत राहिलेल्यांवर नोंदणीची व हालचालीची बंधने आली आणि अनेक कुटुंबे देश सोडून गेली. पुढच्या पिढ्यांत घरातली कॅन्टनी किंवा हक्का बोली मागे पडली आणि चिनी लिपी वाचणारे थोडे राहिले. सण टिकला. त्याबरोबर स्वयंपाकही टिकला, पण नव्या रूपात. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवलेले ‘चिकन मांचुरियन’ चीनमध्ये कोणाला ओळखू येणार नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या ‘चायनीज’च्या गाड्यांवर आणि चायनीज भेळेत मात्र त्याचाच वंश चालू आहे.

चिनी भाषेशी महाराष्ट्राचा संबंध याहून कितीतरी जुना, आणि त्याची सुरुवात उलट दिशेने होते. इ. स. ६४१ च्या सुमारास चिनी यात्रेकरू युआन श्वांग (ह्युएन त्संग) महाराष्ट्रात आला. येथील लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत असे त्याने नोंदवले. राजा पुलकेशीचा उल्लेखही केला. राजधानीचे नाव त्याने दिले नाही. पश्चिमेस मोठी नदी आणि भडोचपासूनचे अंतर यांवरून पुराभिलेखज्ञ फ्लीट यांनी ती राजधानी नाशिक असावी असे मांडले. हे मत सर्वमान्य नाही. तरी नाशिक शहराजवळील त्रिरश्मी डोंगरावरची चोवीस लेणी पाहिली की बौद्ध यात्रेकरूंना हा मुलूख का ओढत असे ते कळते.

अनेक मूळ बौद्ध ग्रंथ भारतात नष्ट झाले आणि चिनी भाषांतरांत उरले, हेच पुढे मराठी विद्वानांच्या चिनी अभ्यासाचे कारण ठरले. धर्मानंद कोसंबींचे शिष्य पु. वि. बापट (१८९४–१९९१) यांनी ‘विमुत्तिमग्ग’ या पालीत न उरलेल्या ग्रंथाची चिनी प्रत पाली ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिली, तो तुलनात्मक ग्रंथ पुण्यात १९३७ मध्ये निघाला. जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्यासह त्यांनी केलेले, विनयावरील (भिक्षूंच्या नियमांवरील) टीकेच्या चिनी प्रतीचे भाषांतर १९७० मध्ये भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केले.

दुसरी वाट युद्धभूमीतून गेली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) १ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसच्या वैद्यकीय पथकासह मुंबईहून चीनला निघाले. नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकात होते. कोटणीसांनी रुग्णांशी बोलता यावे म्हणून चिनी आत्मसात केली, चिनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मुलाचे नाव इन्हुआ, अर्थात ‘भारत-चीन’. तिसरी वाट मुत्सद्द्यांची: वसंत परांजपे १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि १९५४ च्या चीन-भेटीत नेहरूंचे दुभाषे झाले.

मुंबईतील चिनी वाणिज्य वकिलात १९९२ मध्ये पुन्हा उघडली आणि व्यापारामुळे भाषेला मागणी आली. पुण्याजवळ रांजणगाव व चाकण येथे हायर व सॅनी या चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत. २०१३ मध्ये मुंबई विद्यापीठात त्यानचिन तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने कन्फ्यूशियस संस्था सुरू झाली. भाषावर्ग आणि सण यांची गाठ अशा संस्थांमुळेच पडली: नववर्षाच्या सुमारास भाग्यवाचक ‘फू’ अक्षर कुंचल्याने लिहिणे, कागदाची कातरकामे करणे, करंजीसारखी ‘च्याओत्स’ वळणे हे अशा कार्यक्रमांचे ठरलेले रूप. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांमध्ये चिनी होती. २०२० च्या अंतिम धोरणात ती वगळली गेली. त्याच वर्षी कन्फ्यूशियस संस्थांचे पुनरावलोकन करण्याचे केंद्राने ठरवले.

मराठी विद्यार्थ्याला या भाषेचे उच्चार वाटतात त्याहून सोपे जातात. चिनीत प-फ, त-थ, क-ख हा भेद महाप्राणाचाच आहे; रोमन ‘बी’ वाचून ब म्हणणाऱ्याची गल्लत होते, ‘प’ लिहून घेणाऱ्याची नाही. ‘चमचा’तला दंत्य च आणि ‘चिमणी’मधला तालव्य च हे दोन्ही ध्वनी चिनीत आहेत. मोजताना ‘चार जण’, ‘दोन नग’ म्हणतो तसा गणनाशब्द तेथे प्रत्येक नामाबरोबर लागतो. अवघड असतात ते चार स्वराघात, कारण एकच ‘मा’ स्वर बदलताच आई, ताग, घोडा किंवा शिव्या देणे असे अर्थ देतो, आणि लिपी, जिच्यात वर्तमानपत्र वाचण्यापुरतीही दोन-तीन हजार चिन्हे पाठ असावी लागतात.