जालना रोडवर, 1967

जानेवारी 1967. मुकुंदवाडी अजून गावच आहे, औरंगाबादबाहेरचं. सिडको यायला काही वर्षं आहेत. जालना रोड म्हणजे उभ्या ज्वारीतून गेलेली डांबराची अरुंद पट्टी. दक्षिणेला रुळांवरून मीटरगेजची गाडी धूर सोडत जाते आहे. तुमच्यासमोर दोन मोटारी उभ्या आहेत: पांढरी अ‍ॅम्बॅसडर मार्क टू आणि राखाडी फियाट 1100 डिलाइट.

आधी अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसा. दार जड आहे, लावलं की भरीव आवाज येतो. पुढे एकच लांब सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. थंडी आहे, चोक ओढा. 1489 सीसीचं इंजिन घुमायला लागतं. अंगलट ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची, घडण हुगळीकाठच्या उत्तरपाड्याची. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, नाहीतर करकरेल. चिकलठाण्याकडे निघालात की समोरून ट्रक येतो. तो काही डांबर सोडणार नाही, तुम्हालाच दोन चाकं खाली उतरवावी लागतात. गाडी डोलते, पण मागे बसलेल्या म्हातारीच्या पोटातलं पाणी हलत नाही. हे मोठं काम आहे आणि अ‍ॅम्बॅसडर ते चोख करते. वळवताना मात्र खांदे भरून येतात.

आता फियाट. इंजिन लहान, 1089 सीसी, पण अंग हलकं असल्यामुळे पाय दाबताच ती उचल घेते. आराखडा इटलीचा, बांधणी कुर्ल्याची, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधली. आधीच्या ‘डुक्कर फियाट’ची पुढची दारं उलटी उघडत, डिलाइटची सरळ उघडतात. बैलगाड्यांच्या रांगेतून वाट काढा. स्टिअरिंग हलकं, गिअर बोटांनी पडतो, रस्ता थेट हातात कळतो. शिवाराच्या चाकोरीत मात्र जपा, पोट घासेल. मागे तिघं मोठी माणसं बसली तर गुडघे अवघडतात.

यातली कुठलीही गाडी पैसे मोजले म्हणून लगेच मिळत नाही. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. म्हणून अशी गाडी दिसली की गावातली पोरं मागे धावतात. अ‍ॅम्बॅसडर साहेबांची, फियाट डॉक्टरांची किंवा वकिलांची, हे त्यांना न सांगता ठाऊक आहे.

नाथषष्ठीला अख्खं घर पैठणला न्यायचं असेल, तर मी अ‍ॅम्बॅसडरच काढेन. पण स्वतः चालवायला मला फियाट हवी. चालवणाऱ्याशी ती बोलते, आणि मोटारीकडून मला तेवढंच पाहिजे असतं.

कुर्ल्याची फियाट, म्हणजे पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले ती, आधी बंद झाली. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर 2014 मध्ये. तुमच्या ओळखीत कुणाच्या अंगणात यांपैकी एखादी धूळ खात पडली असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिला एका चांगल्या मिस्त्रीला दाखवा. ती पुन्हा सुरू होऊ शकते.