करवतीचे दात

सुताराच्या पेटीत रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट असे सारे असते. पण सर्वांत जपावी लागते ती करवत. तिचे दात दुसऱ्या लोखंडावर घासले की बोथटतात. मग कानस घेऊन एकेक दात पुन्हा लावत बसावे लागते. म्हणून करवत इतर हत्यारांच्या ढिगात न टाकता झाकणाच्या आतल्या अंगाला अडकवावी, दातांवर चिरलेल्या बांबूची पट्टी बसवावी आणि पात्यावर तेलाचा हात फिरवावा. बेळगाव-खानापूरकडच्या पावसात लोखंड आपल्या गोव्यासारखेच चटकन गंजते.

ही काळजी हौसेची नव्हती. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांमध्ये सुतार आहे. त्याने शेतकऱ्याचे नांगर-कुळव सांभाळायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य न्यायचे. हत्यार बिघडले तर काम अडे, आणि काम अडले तर बलुते कसे मागणार?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. कचेरीची भाषा बदलली. करवत मात्र तीच राहिली. मराठी सुतार तिला करवत म्हणतो, कानडी सुतार गरगस. मराठी घरात खंडेनवमी, कानडी घरात आयुधपूजा. पण दिवस एकच, आश्विन शुद्ध नवमी. त्या दिवशी हत्यारे पेटीबाहेर येतात, पुसली जातात, हळदकुंकू लावून पूजली जातात.

आता विजेच्या करवती आल्या. तरी वाचकहो, तुमच्या माळ्यावर आजोबांची करवत पडली असेल, तर यंदाच्या खंडेनवमीला ती खाली काढा. गंज पुसा, तेल लावा आणि दात झाकून ठेवा. कुणाचे तरी घर तिच्यावर चालले होते.