धावफलकावरील एक मृत्यू

धावफलक हा निकाल पाहून बाजूला सारण्याचा कागद. परंतु 1959 सालच्या कराचीतील एका धावफलकापाशी आम्ही थबकलो. 17 जानेवारी रोजी कायदे-आझम करंडकाच्या अंतिम सामन्यात कराचीचा तरुण यष्टिरक्षक अब्दुल अझीझ फलंदाजीस उतरला होता. एक संथ ऑफब्रेक चेंडू त्याच्या छातीवर, हृदयाच्या जागी, आदळला. पुढच्या चेंडूच्या तयारीत असतानाच तो कोसळला आणि रुग्णालयाच्या वाटेवर त्याचे निधन झाले. पहिल्या डावात त्याच्या नावापुढे ‘जखमी होऊन निवृत्त’ अशी नोंद आहे. दुसऱ्या डावात तो खेळला नाही, याचे कारण म्हणून मृत्यूच नोंदवलेला आहे.

संथ चेंडूने माणूस मरावा कसा?

या जातीचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यांनाही पडला होता. छातीवरील आघाताने दगावलेल्यांचे हृदय कित्येकदा अभंग आढळे. ना जखम, ना रक्तस्राव. अशा मृत्यूला ‘कमोशिओ कॉर्डिस’, म्हणजे हृदयाला बसलेला हादरा, हे नाव रूढ झाले. 1930 च्या दशकात जर्मनीत गेओर्ग श्लोम्का यांनी प्राण्यांवर प्रयोग करून आघाताने हृदयाची लय बिघडते हे दाखवले. नेमका उलगडा मात्र 1998 साली अमेरिकेत मार्क लिंक व सहकाऱ्यांनी केला. भूल दिलेल्या डुकरांच्या छातीवर त्यांनी बेसबॉलएवढा लाकडी गोळा आदळवला. हृदयाच्या विद्युत्आलेखातील ‘टी’ लहर शिखरावर पोहोचण्यापूर्वी 15 ते 30 मिलिसेकंदांच्या फटीत आघात झाला, तर हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण थांबते. रक्तवाहिनी तुंबून येणारा हृदयविकाराचा झटका तो हा नव्हे. पुढील प्रयोगांत ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाचा चेंडू सर्वांत घातक ठरला. त्याहून वेगवान चेंडूंनी धोका उलट घटला. चेंडूचा संथपणा मग कोडे उरत नाही.

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे आपण म्हणतो. ही वेळ टाळणे पुष्कळदा भोवतालच्या माणसांच्या हाती असते. 2 जानेवारी 2023 रोजी सिनसिनाटी येथे अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिन असाच कोसळला. मैदानावरच त्याची छाती दाबली गेली, विजेचा धक्का देण्यात आला. तो वाचला आणि त्याच वर्षी पुन्हा खेळला. अझीझ आणि हॅमलिन यांच्यामध्ये 64 वर्षांचे अंतर आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांनी ते कितपत ओलांडले, हे आम्हा शिक्षकांनी स्वतःस विचारावयास हवे.