एकसष्टचे कोडे

गणराय ही विद्येची देवता. त्याच्या उत्सवात यंदा एका संख्येची ओळख करून द्यावी असे वाटले. ती संख्या आहे १,७६,६३,१९,०४९.

शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. त्याच्या बीजगणित भागात ते विचारतात, कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो?

६१ ऐवजी ६० घेतले तर उत्तर ४. (१६ × ६० + १ = ९६१, हा ३१ चा वर्ग.) ६२ घेतले तर उत्तर ८, वर्ग ६३ चा. मधल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि येणारा वर्ग वर दिलेल्या संख्येचा! एकेक आकडा घालून पाहत बसले तर जन्म पुरायचा नाही.

भास्कराचार्यांनी वापरली ती ‘चक्रवाल’ रीत. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त, इथून सुरुवात. पुढच्या फेरीत ३९ आणि ५ ही जोडी मिळते. ३९ चा वर्ग १५२१, तर ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५. फरक ४ वर आला, की इ.स. ६२८ मधील ब्रह्मगुप्तांच्या ‘भावना’ रीतीने २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी निघते. आता फरक फक्त १. या दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट केली की उत्तर हाती येते. सारे काम एका कागदावर मावते.

इ.स. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्मा यांनी हाच ६१ चा प्रश्न आपल्या समकालीनांपुढे ठेवला. त्यांना भास्कराचार्य ठाऊक नव्हते, त्यामुळे चोरीचा आरोप करण्याचे कारण नाही. पुढे ऑयलर यांच्या गैरसमजामुळे या समीकरणाला इंग्लंडच्या पेल यांचे नाव चिकटले, ते आजही पाठ्यपुस्तकांत आहे. कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तोवर ते नाव रुळून गेले होते.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. त्यांनी आजोबांचा नुसता गौरव केला नाही, शिकवण्याची सोय केली. ‘आपल्याकडे सगळे आधीच होते’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ते गणित आपल्यापैकी किती जणांनी करून पाहिले?

यंदा आरतीनंतर मुलांना कागद-पेन्सिल देऊन ६० आणि ६२ चे कोडे घालावे. ती सोडवतील. मग ६१ चे घालावे आणि त्यांच्याबरोबर आपणही बसावे.